कीचकवधाची टाळी

१९२० साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला आणि त्यातल्या एका प्रसंगाला सरकारी सेन्सॉरने कात्री लावली. भीम कीचकाला मारतो, तो प्रसंग. मूकपटाचा जमाना. किंकाळी ऐकू यायची सोय नव्हती, हाडं मोडल्याचा आवाज नव्हता. तरीही ते मारणं इतकं खरं उतरलं होतं की साहेबाला बघवलं नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा पहिला चित्रपट. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटासाठी. आज खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, दरवर्षी तिथे हार पडतात, भाषणं होतात, पण खुद्द 'सैरंध्री' काही बघायला मिळत नाही.

मला त्या कापलेल्या तुकड्याचं फार कुतूहल आहे. कारण मूळ महाभारतात व्यासांनी काहीच लपवलेलं नाही. भीम कीचकाचे हात, पाय आणि डोकं त्याच्याच धडात कोंबतो आणि त्याचा मांसाचा गोळा करून टाकतो. मग द्रौपदी पहारेकऱ्यांना बोलावून तो गोळा दाखवते. हे आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकलं. बुवा गोळा वळल्याचा अभिनय करायचे आणि देवळातली म्हातारी माणसं, जी एरवी पायाखाली मुंगी आली तरी दचकायची, ती खूश होऊन मान हलवायची. कीचक त्याच लायकीचा होता ना! बाईवर हात टाकला त्याने.

शिवाय १९२० चा कीचक नुसता कीचक नव्हता. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तेव्हा दहा वर्षांनी सिनेमातल्या भीमाने कीचकाला लोळवल्यावर थिएटरात जी टाळी पडत असेल, ती अनेक पदरी असणार. त्या टाळीत अन्याय संपल्याचं समाधान किती आणि एक माणूस तुकडे होताना बघायची मजा किती, हे टाळी वाजवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मला तरी येत नाही. मी आजही सिनेमात खलनायक मरताना सरसावून बसतो. बायको शेजारून कोपर मारते.

सुसंस्कृत माणसाच्या आत एक रानटी जनावर दडलेलं असतं आणि पातळ कातडी खरवडली की ते बाहेर येतं, असं आपण फार सहज म्हणतो. माझा त्यावर विश्वास कमी होत चाललाय. बाहेर येतं ते जनावर नसतंच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांचं युद्ध आहे. नवा नर टोळी जिंकतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या हुप्प्याला आपण काही चांगलं करतोय असं वाटत नसतं. त्याला कारण लागत नाही, घोषणा लागत नाही, बघायला कुणी नसलं तरी चालतं. माणसाला मात्र आधी कारण लागतं. आणि ते चांगलं लागतं.

कोल्हापूरला हे बाहेरून शिकायची गरज नाही.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जाळपोळ सुरू झाली. संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. ब्राह्मणांची घरं, दुकानं पेटली, आणि पेटला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. तयार झालेल्या 'मीठभाकर'ची फिल्म त्या आगीत गेली. भालजींनी कर्ज डोक्यावर घेऊन तो चित्रपट पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला. अहिंसेच्या माणसासाठी शोक करत आलेल्या जमावाने सिनेमाच्या गावातला स्टुडिओ जाळला. यातली विसंगती इतकी उघड आहे की तिच्यावर आणखी काही लिहायला लाज वाटते.

पण एक लिहायला हवं, कारण ते सहसा कुणी लिहीत नाही. जमावाच्या पोटातला राग खोटा नव्हता. वेदोक्त प्रकरणात वेदमंत्रांचा अधिकार नाकारून छत्रपतींनाच शूद्र ठरवायला निघालेली ब्राह्मण माणसं याच गावातली. शाहू महाराजांना १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवाव्या लागल्या, त्या उगाच नव्हेत. सावकारीने शेतकरी कसा देशोधडीला लागतो, हे बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच 'सावकारी पाश'मध्ये दाखवलं होतं. त्यातला जमीन गमावून शहराकडे गेलेला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. कारण खरं होतं, पिढ्यांचं होतं, म्हणूनच तर ते त्या दिवशी इतकं कामाला आलं. खोट्या कारणावर माणूस फार वेळ पेटत नाही, आतून कुठेतरी त्याला ठाऊक असतं. खऱ्या कारणावर मात्र तो शेजाऱ्याचं घर जाळून रात्री शांत झोपू शकतो.

आमच्या गल्लीत एका घरी मोठी पितळी परात होती. लग्नकार्याला ती गल्लीभर फिरायची. चार बोटं उंच काठाची, दोघांनी धरावी लागायची. तिच्या काठावर तांबटाने टिंबं टिंबं मारून नाव कोरलेलं होतं, जुन्या वळणाच्या अक्षरात. एका गृहस्थाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे कुणाच्या तरी 'स्मरणार्थ'. ते आडनाव त्या घरातलं नव्हतं. गल्लीतही कुणाचं नव्हतं. चिंच लावून घासल्यावर ते नाव जास्तच उठून दिसायचं. मी अक्षरं जुळवून वाचण्याच्या वयाचा होतो, दिसेल ते वाचायचो. त्या घरच्या आज्जीला विचारलं, "आज्जी, हे कोण?" ती म्हणाली, "असंल कोण तरी. तू परात धर, बुंदी गार व्हायलीया."

पुढे कॉलेजात असताना करवीर नगर वाचन मंदिरातून माडगूळकरांची 'वावटळ' आणली. गांधीहत्येनंतर पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेले तरुण, वाटेतली पेटलेली गावं, ओळखीच्या माणसांचे अनोळखी झालेले चेहरे. माडगूळकरांचं स्वतःचं घर त्यात गेलेलं. तरी पुस्तकात आकांत नाही, शिव्याशाप नाहीत. पायी चालणारा माणूस जेवढं बघेल तेवढंच सांगितलंय. ते वाचता वाचता मला एकदम ती परात दिसली, काठावरच्या नावासकट.

आज्जीने काही पेटवलं नसणार. गल्लीतलं पोर तापलं की रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. घरातल्या कुणीतरी ती परात त्या दिवशी डोक्यावर घालून आणली असेल, एवढंच. तांबटाकडे नेऊन ते नाव मोडून घेणं काही अवघड नव्हतं. पण ते कुणी केलं नाही, आणि परात घरात लपवूनही ठेवली नाही. चाळीसेक वर्षं त्या नावाच्या परातीतून गल्लीने बुंदी खाल्ली. मीही.

'वावटळ'सारख्या पुस्तकावर टाळी पडत नाही. ज्याचं घर जळलंय तोच सांगतोय आणि तरी तो आपल्याला कुणाचा सूड हवासा वाटू देत नाही. मला चांगल्या साहित्याची आणि चांगल्या सिनेमाची हीच परीक्षा वाटायला लागलीय: ते आपल्या हातात कारण ठेवतं, की आपल्या हातातलं काढून घेतं?

विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' (१९५४) या विषयावर नेहमी पुढे केली जाते. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुलं, आधी शंख फुंकून सभा भरवणारी, मग तोंडाला रंग फासून शिकार करणारी, शेवटी एकमेकांना मारणारी. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढला होता. म्हणजे पोरं आणि युद्ध, दोन्ही त्याने जवळून पाहिलेली. लोकांना त्यातला सायमनचा मृत्यू आठवतो, पिगीचा चश्मा आठवतो. माझ्या डोक्यात बसलाय तो रॉजर. हा मुलगा सुरुवातीला एका लहानग्याच्या दिशेने दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. त्या छोट्याभोवती काही यार्डांचं एक रिंगण आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची छाती होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यातलं बेटावर काहीच नाही, तरी त्याच्या दंडात ते सगळं अजून शिल्लक आहे. पुढे हाच रॉजर पिगीच्या अंगावर धोंडा ढकलतो.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला. जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. दुपारी आक्काचा फोन आला की पोरगं घरात नाही. भाचा तेव्हा बारावी होऊन निकालानंतरच्या रिकामपणात होता. मी निघेपर्यंत तो आपणच परत आला, शर्ट घामाने भिजलेला. संध्याकाळी गच्चीवर त्याला गाठलं.

"तुला काय काम होतं रे तिथं?"

"काय नाही मामा. सगळी निघाली म्हणून गेलो."

"दगड मारलास?"

"हातात होता. मारला नाही." मग थोडा वेळ टाकीवर बोटाने रेघा ओढत बसला. "टाकलाबी नाही."

मी काही बोललो नाही. तोच पुढे म्हणाला, "खरं सांगू काय? भारी वाटत होतं."

या एका वाक्यासाठी मला तो पोरगा फार प्रामाणिक वाटला. आम्ही मोठी माणसं दंगलीनंतर भावना दुखावल्याचं सांगतो, इतिहास सांगतो, परिस्थिती सांगतो. भारी वाटलं, हे कुणी सांगत नाही. मनात कुठे काळोख असलाच तर तो इथे आहे. राग दिसतो, तो पेपरात छापून येतो. मजा वाटली ते मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या पोराच्या दंडात अजून काहीतरी शिल्लक होतं एवढं मी मनाशी धरलं आणि खाली जेवायला गेलो.

कॉनरॅडबद्दल थोडक्यात. 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ मध्ये मासिकात आली. कॉनरॅड १८९० मध्ये स्वतः काँगो नदीवर बोटीने गेला होता, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिथे रबर आणि हस्तिदंतासाठी काय करत होता याची त्याला कल्पना होती. त्यातला कुर्ट्झ, काँगोत हस्तिदंत गोळा करणारा कंपनीचा गोरा माणूस, एका संस्थेसाठी अहवाल लिहितो. विषय, रानटी चालीरीतींचं निर्मूलन. सुंदर भाषा, उदात्त विचार. आणि शेवटच्या पानाखाली नंतर कधीतरी खरडलेली एक ओळ: या सगळ्या जनावरांना संपवून टाका. अख्ख्या कादंबरीतली नदी, धुकं, गूढ बडबड गेली तरी चालेल, हा अहवाल आणि ही ओळ ठेवा. १९७५ मध्ये चिनुआ अचेबेने या कादंबरीवर घणाघाती टीका केली, की यात आफ्रिकेची माणसं माणसं नाहीतच, गोऱ्या माणसाच्या मनाचा काळोख दाखवायला वापरलेलं नेपथ्य आहे. अचेबेचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्यानंतर पुस्तक पहिल्यासारखं वाचता येत नाही, आणि येऊही नये.

कोपोलाने हीच गोष्ट १९७९ मध्ये व्हिएतनामात नेली. 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये अमेरिकन हेलिकॉप्टरं वाग्नरचं संगीत लावून एका गावावर तुटून पडतात. युद्धाचं वेड दाखवणारा प्रसंग म्हणून त्याची कीर्ती. आम्ही तो एका मित्राच्या घरी मोठ्या टीव्हीवर पाहिला. हेलिकॉप्टरं आली तशी दोघेतिघे एकदम ओरडले, "आवाज वाढव, आवाज वाढव!" मीही त्यात होतो. गावातल्या शाळेतून पोरं बाहेर पळताना दिसतात, ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात राहिलं नाही. पुढे दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा दिसलं. कोपोलाने आम्हाला पकडायला हा सापळा लावला होता की तो स्वतःच त्यात अडकला, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत, दोन्ही.

जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्यातली 'रानातील प्रकाश' आमच्याकडे फार कमी वाचली जाते. गोष्ट अमेरिकेतली, १७६४ च्या सुमाराची. चार वर्षांचा असताना पळवला गेलेला एक गोरा मुलगा रेड इंडियन बापाच्या घरी वाढतो. तह होतो आणि त्याला जबरदस्तीने गोऱ्या आईबापांकडे परत पाठवतात. जन्मदात्या घरात तो बूट घालायला तयार नाही, पलंगावर झोपायला तयार नाही. त्याचा काका निष्पाप इंडियनांची कत्तल केलेल्यांपैकी एक आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. इथपर्यंत वाचक मुलाच्या बाजूने. गोरे रानटी, रानातले सुसंस्कृत, अशी आपली बेरीज पक्की होते. मुलगा पळतो, रानात परततो, आपण सुटकेचा श्वास सोडतो.

आणि मग रिक्टर पायाखालची जमीन काढतो. त्याच्याच जमातीची माणसं सूड घ्यायला निघतात, आणि त्यांनी आणलेल्या टाळूच्या कातड्यांत एक कातडं लहान मुलाचं असतं, मऊ केसांचं. मुलगा विचारतो, आपण पोरांनाही मारतो? पुढे गोऱ्यांची एक नाव काठाशी ओढून आणायला त्यालाच नदीत उभं करतात. नावेत त्याला एक छोटा मुलगा दिसतो, गोऱ्या घरात मागे राहिलेल्या आपल्या धाकट्या भावासारखा, आणि तो ओरडून सगळ्यांना सावध करतो. बस. जमात त्याला जाळायला निघते, बाप वाचवतो आणि कायमचा हाकलून देतो. दोन्ही बाजूंची कारणं खरी आहेत, दोन्ही बाजूंनी भोगलंय, आणि त्या पोराला आता कुठेच घर नाही. हे पुस्तक मी किती जणांना दिलं! बहुतेकांनी 'शेवट बरोबर नाही' म्हणून परत केलं. कुणाच्या बाजूने व्हायचं ते कळत नाही, ही तक्रार. मला वाटतं, ती तक्रार म्हणजेच पावती.

तेंडुलकरांनी मात्र प्रेक्षकाला आधी बाजू घेऊ दिली आणि मग कोंडीत पकडलं. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं. घाशीराम पुण्याच्या रस्त्यावर अपमान सोसतो, कोतवाल होऊन सूड घेतो, त्याचे अत्याचार वाढत जातात. शेवटी त्याला कोतवाल करणारा नाना फडणवीसच त्याला जमावाच्या हवाली करतो तेव्हा आपल्यालाही तो मेलेलाच हवा असतो. जमाव त्याला ठेचतो. आणि वर नाना उत्सवाचं फर्मान काढतो, ज्याने हा राक्षस तयार केला तोच. रांगेत डुलणारे ते ब्राह्मण, जे मघाशी भिंत होते, मघाशी कीर्तनात होते, तेच आता मारणाऱ्यांत आहेत, आणि ताल तोच चालू. नाटकावर त्या काळी बदनामीचं वादळ उठलं, एका जातीच्या अपमानाचं. मला ते वादळ थोडं सोयीचं वाटतं. जातीवर वाद घातला की, शेवटच्या मारहाणीत आपण मनातून सामील होतो, यावर कुणी बोलायला नको.

एवढं सगळं वाचून आमचं गाव मारामारीचंच, असं कुणाला वाटेल. तर खासबागेत चला. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान कोल्हापुरात हवं असं त्यांच्या मनाने घेतलं, असं सांगतात. १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं. रोममध्ये ज्या गोल आखाड्यात माणसं मरेपर्यंत लढवली, त्याची नक्कल करताना इथे नियम बदलला: पाठ टेकली की कुस्ती संपली. हजारो माणसं घसा फोडून ओरडत असतात, पैलवानांच्या अंगात आलेलं असतं, आणि पंचाने हात वर केला की वरचा खालच्याला हात देऊन उठवतो. मला ही लहान गोष्ट वाटत नाही. पंचाच्या निकालावरून राडे होतात, पागोटी उडतात, तेही पाहिलंय. तरी कुणाला राग येऊ नये असं खासबाग म्हणत नाही. राग कुठे थांबवायचा ते मात्र आधीच ठरवून ठेवते.

आधीच, हे महत्त्वाचं. १९६५ मध्ये टोंगाच्या बोर्डिंग शाळेतली सहा मुलं कंटाळून एक होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि 'आटा' नावाच्या निर्जन बेटाला लागली. वर्षाहून जास्त काळ तिथेच राहिली. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती सापडली, तेव्हा सहाच्या सहा जिवंत, ठणठणीत. जोड्या करून कामाच्या पाळ्या लावलेल्या. पेटवलेली आग विझू दिलेली नव्हती. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो सरळ केला. भांडणं होत होती, पण भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं शांत झाल्यावर परत यायचं, असा करार होता. काही लोक ही हकिकत सांगून गोल्डिंगला खोटा पाडतात. ते मला पटत नाही. ही सहा जिवलग दोस्त होती, एकत्र पळालेली. गोल्डिंगची पोरं बरीचशी एकमेकांना अनोळखी, युद्धातून हलवलेली. पण टोंगाच्या मुलांनी तो करार केला होता एवढं खरं. सुधारलेल्या जगाने त्यांचं स्वागत कसं केलं तेही ऐका: घरी पोचल्यावर होडीच्या मालकाने चोरीची तक्रार केली आणि सहाही जण तुरुंगात गेले. वॉर्नरने पैसे भरून सोडवलं.

भाच्याला ही हकिकत सांगितली. त्याला आवडली. पाय कसा बांधला ते त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "याच्यावर पिक्चर कुठला बघू?" मी म्हटलं, दुसऱ्या बेटावरचा सांगतो, १९६३ चा, पीटर ब्रूकने काढलाय, कृष्णधवल आहे, पोरं एकमेकांना मारतात. तो म्हणाला, "तोच लावा की मग."

लावला. रात्री साडेदहाला, जेवणं झाल्यावर. धोंडा खाली येईपर्यंत त्याने मोबाइल हातात घेतला नाही.